धोंड्याची वाट

सोपी वाट सोडून अवघड वाटेला लागणाऱ्या माणसाला आमच्याकडं दोनच नावं आहेत. एक तर तो वारकरी, नाहीतर तो येडा. तिसऱ्या नावाची गरज कधी पडली नाही, कारण सोपी वाट म्हणजे काय हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. जी होती ती धोंड्यांचीच होती. त्यामुळं अलीकडं दर रविवारी पुण्याहून पोरांची टोळी हेल्मेटं घालून, गुडघ्या-कोपरांना ढाली बांधून मोटारसायकली घेऊन आमच्या डोंगरात येते, तेव्हा ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली माझी चुलती दरवेळी एकच प्रश्न विचारते, "घरी काय कमी हाय का रं ह्यान्ला?"

प्रश्न साधा आहे, पण त्याचं उत्तर साधं नाही. ज्या कष्टातून सुटायला एका पिढीनं जीव टाकला, त्याच कष्टाला दुसऱ्या पिढीनं खेळ म्हणावं का? आणि म्हटलं, तर त्यात पहिल्या पिढीचा अपमान आहे का? मी दोन्हीकडचा आहे. दुधाच्या फटफटीवर मागं बसून मी शाळेला गेलो, आणि आता पुतण्याच्या गाडीवर मीही ती चढण चढतो. म्हणून हा विचार करणं मला भाग आहे.

आमची वाडी पूर्वीच्या वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या पलीकडं, केळदच्या बाजूला. पुढं मढे घाट कोकणात उतरतो. तानाजी मालुसऱ्यांचा देह याच घाटानं उमरठ्याला नेला असं आमच्याकडं सांगतात. वाडीपासून डांबरी सडकेपर्यंत वाट साडेतीन किलोमीटर. पहिला टप्पा मुरमाचा, तो बरा. दुसरा ओढ्यातला, तिथं गोल गुळगुळीत गोटे, पायाखालून सरकणारे. तिसरा टप्पा म्हणजे दातरा. काळ्या खडकाच्या पायऱ्या जबड्यातल्या दातांसारख्या वर आलेल्या, काही वीतभर, काही गुडघ्याएवढ्या. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरलं की शेळीसुद्धा पाय टाकण्याआधी विचार करायची.

या वाटेनं नाना, माझे चुलते, बावीस वर्षं रोज दूध घेऊन गेले. गाडी राजदूत. फरिदाबादला एस्कॉर्ट्सच्या कारखान्यात तयार व्हायची, मूळ नमुना पोलंडच्या गाडीचा. 173 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, तीन गिअर, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून टाकायचं आणि मागं निळा धूर सोडत जायचं. जाहिरातीत त्या गाडीवर धर्मेंद्र दिसायचा. आमच्याकडं तिच्यावर दोन्ही बाजूंना चाळीस-चाळीस लिटरचे कॅन दिसायचे. पहाटे पाचला नाना निघायचे, कारण साडेसहाला सडकेवर दूधगाडी यायची आणि ती कुणासाठी थांबायची नाही.

नानांच्या तीन शिस्ती होत्या. पहिली, कॅन गळ्यापर्यंत भरलेला पाहिजे. अर्धा कॅन हिंदकळतो, गाडी डावीकडं झुकवली की दूध उजवीकडं जोर मारतं आणि माणसाला पाडतं. दूध कमी निघालं त्या दिवशी ते दोन अर्धे कॅन कधी न्यायचे नाहीत. एक पूर्ण भरायचे आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या वजनाइतका पेंडीच्या पोत्यात धोंडा बांधायचे. दुसरी शिस्त, "धोंड्याकडं बघायचं नाय, वाटंकडं बघायचं. ज्याच्याकडं बघशील तिथंच चाक जानार." तिसरी, पाय टेकायचा नाही. पाय टेकला की गाडी थांबली, थांबली की कलली, आणि कलली की दूध गेलं. दूध गेलं म्हणजे बारा घरांचा त्या दिवसाचा पैसा गेला.

आता पुतण्याचं बघा. तो शिरवळच्या एमआयडीसीत कामाला आहे. हप्त्यावर त्यानं एक्सपल्स घेतली. ही गाडी 2019 साली बाजारात आली. पुढचं चाक एकवीस इंची, पोट जमिनीपासून 220 मिलिमीटर उंच, शॉकॲब असे की गुडघाभर खड्ड्यातनं गेलं तरी कंबर मोडत नाही. खऱ्या शर्यतीची डर्ट बाइक याहून हलकी असते, तिला ना दिवा ना नंबरप्लेट, सडकेवर आणायची सोयच नाही. पण आमच्या पोरांना जाता-येता सडकही लागते, म्हणून ही. पोरं मोबाइलवर बघून बघून शिकली. अशा वाटेला ती टेक्निकल ट्रेल म्हणतात. म्हणजे जिथं वेग कामाला येत नाही, कसब येतं. फूटरेस्टवर उभं राहायचं, म्हणजे वजन सीटवर न राहता पायांतून खाली उतरतं आणि गाडी आपल्याखाली मोकळी हलते. टाकी गुडघ्यांनी धरायची, हँडल हातानं आवळायचं नाही. क्लच अर्धा, गिअर पहिला नाहीतर दुसरा. टायरमधली हवा थोडी कमी, म्हणजे रबर खडकाला जास्त धरतं. उतारावर गाडी गिअरमध्येच ठेवायची, पुढचा ब्रेक फुलाला हात लावावा तसा. शेवाळावर ब्रेकच नाही. आणि नजर? नजर लांब, जिथं जायचंय तिथं.

नाना ओट्यावर बसून हे सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मंग नवं काय सांगितलंस?"

पाय न टेकण्यावरून एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोटारसायकलच्या खेळात ट्रायल्स नावाचा एक प्रकार आहे. स्कॉटलंडच्या डोंगरात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून तो चालतो. सहा दिवस ओढ्यांतून, खडकांवरून गाडी न्यायची. त्यात पहिला कोण पोचला याला महत्त्व नाही. ठरवून दिलेल्या अवघड तुकड्यात एकदा पाय टेकला की एक दोष, दोनदा टेकला की दोन, त्याहून जास्त टेकला की तीन, आणि पडलात नाहीतर थांबलात की पाच. ज्याचे दोष कमी तो जिंकला. हे मी नानांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते. बावीस वर्षं ते हाच खेळ खेळले, फक्त पंच नव्हता आणि दोष लिटरमध्ये मोजले जायचे.

मग या वाटेत ओढ कसली आहे? पोरं म्हणतात थ्रिल. मला तो शब्द पुरत नाही. हमरस्त्यावर ऐंशीच्या वेगानं जाताना माणूस डोक्यात हिशोब करतो, भांडणं उकरतो, कधी कधी निम्मा रस्ता कसा संपला हेही कळत नाही. दातऱ्यावर ताशी आठ किलोमीटरनं चढताना यातलं काही करता येत नाही. पुढच्या दोन हातांवरचा खडक सुटा आहे की रोवलेला, ओला आहे की नुसता काळा, एवढंच जग उरतं. आमच्याकडं जोगळलेल्या बैलांबद्दल म्हणतात, की चांगला बैल शिवळ पडली की इकडंतिकडं बघत नाही. मनाला अशी शिवळ घालणारी कामं आता थोडी राहिली. पेरणीची मूठ, दोराचा पाळणा, विहिरीचं खोदकाम, आणि ही वाट. दुसरं म्हणजे इथं लबाडी चालत नाही. ऑफिसात केलेली चूक दुसऱ्याच्या नावावर ढकलता येते, खडकावर केलेली चूक तिथल्या तिथं गुडघ्यावर उमटते. आणि खडक कुणावर रागही धरत नाही. परत फिरा, परत चढा, तो जिथं होता तिथंच आहे. ज्याला दिवसभर वरिष्ठाच्या तोंडाकडं बघून काम करावं लागतं, त्याला ही निर्मळ वागणूक ओढून नेणारच.

धोका मात्र खरा आहे, आणि तो हौशी-व्यावसायिक असा भेद करत नाही. बंगळुरूचा सी. एस. संतोष 2015 साली डाकार रॅली पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला. तोच 2021 च्या जानेवारीत सौदी अरेबियात त्याच रॅलीत पडला आणि त्याला काही दिवस बेशुद्ध ठेवून उपचार करावे लागले. म्हणून मी पोरांना सांगतो, एकट्यानं जायचं नाही, आणि दमल्यावर शेवटची एक चढण म्हणून चढायची नाही. दमलेला माणूस धोंड्याकडं बघतो.

एकदा मी नानांना सरळ विचारलं. म्हटलं, "नाना, खरं सांगा. तुम्हाला मजा यायची का?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं, चुलती आत आहे याची खात्री केली. "व्हती की. दातऱ्यावरनं पाय न टेकता उतारलो की आसं वाटायचं, आजचा दिस आपला. पन सांगायची कुनाला? मजा व्हती म्हनलं आस्तं, तर रस्ता कशाला पायजे म्हनले आस्ते."

या एका वाक्यानं माझा गुंता बराचसा सुटला. गरिबाच्या कष्टात आनंद असू शकतो हे आपण कबूल करत नाही, कारण ते कबूल केलं की कष्ट तसेच ठेवायला निमित्त मिळतं. म्हणून गरिबालाच आपला आनंद लपवावा लागतो. पुण्याच्या पोराला तो लपवावा लागत नाही, तो त्याचे फोटो काढतो. कसब तेच, खडक तोच, फरक एवढाच की पुण्याचं पोर पाऊस आला तर घरी राहू शकतं. नाना राहू शकत नव्हते. ज्या वाटेला नाही म्हणता येतं, तिथं खेळ होतो. जिला नाही म्हणता येत नाही, ती कितीही कसबाची असली तरी सक्तीच.

हे बोलणं नुसतं तत्त्वाचं राहिलं नाही. वाडीला रस्ता मंजूर झाला त्या वर्षी रविवारच्या टोळीतला एक मुलगा आमच्या ओट्यावर चहा पिता पिता हळहळला, "काका, इतकी भारी ट्रेल आहे. डांबर टाकलं की संपलं सगळं." पोरगा वाईट नव्हता, चहाचा कप स्वतः धुऊन ठेवणारा होता. चुलतीनं त्याच्याकडं बघितलं आणि एवढंच म्हणाली, "बाळा, ह्याच वाटंनं माझ्या सुनंला डोलीत घालून न्हेली व्हती. रात्रीचं. पावसात. चार गडी व्हते, दातऱ्यावर दोगं घसारले." बाळ-बाळंतीण वाचली, हे तिनं सांगितलं नाही. मी सांगितलं, कारण त्या मुलाच्या हातातला कप तसाच राहिला होता.

त्याच्या हळहळीत खोटं काही नव्हतं. चांगली वाट गेली की वाईट वाटतंच. पण आपल्याला वाईट वाटणं आणि दुसऱ्याला अडवणं यात अंतर ठेवता आलं पाहिजे. दुसऱ्याच्या अडचणीवर आपली हौस पोसली जात असेल, तर हौस बाजूला व्हायची. एवढं मानलं, की मग हौसेला नावं ठेवायचं कारण उरत नाही.

जमिनीचंही तेच. मोटारसायकलचं चाक ओल्या मातीत फिरलं की चर पडतो, पुढच्या पावसात त्या चरातून पाणी धावतं आणि दोन वर्षांत त्याची घळ होते. भाताच्या बांधावरनं एक गाडी गेली तर खाचरातलं पाणी खालच्या खाचरात उतरतं आणि दोन भावांत भांडण लागतं. अभयारण्याच्या हद्दीत, राखीव जंगलात परवानगीशिवाय गाडी घालणं तर गुन्हाच. म्हणून वाडीनं आणि पोरांनी मिळून ठरवून टाकलं आहे. पावसाळ्याचे चार महिने मुरमाचा टप्पा बंद. बांध आला की इंजिन बंद, गाडी ढकलत न्यायची. डोक्यावर भारा घेतलेली बाई समोरून आली, तर गाडीवाल्यानं खाली उतरून बाजूला व्हायचं, बाईनं नाही. वाटेवर आधी हक्क ज्याला तिची गरज त्याचा, मग ज्याला तिची आवड त्याचा. पोरांनी हे मुकाट मानलं. मला तर वाटतं, खडकाकडून जी नम्रता शिकतात तीच इथं कामाला आली.

रस्ता झाला. तो दातऱ्याला वळसा घालून वरनं गेला, त्यामुळं जुनी वाट तशीच राहिली. आता दूध टेम्पोनं जातं, आजारी माणूस गाडीत बसून जातो, आणि दातऱ्यावर ज्याला जायचंय तोच जातो. मध्यंतरी वाडीची दोन शाळकरी पोरंही सायकली घेऊन तिथं चढायचा प्रयत्न करताना दिसली. त्यांना ना कुणी पाठवलं होतं, ना दूध पोचवायचं होतं. नानांनी त्यांना हाक मारून थांबवलं. मला वाटलं, रागावणार.

"आरं," नाना म्हणाले, "धोंड्याकडं काय बघताय?"