शिकलात, आता शिकवा



तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात संत पौल बंदिवासात आहे. आपला शेवट जवळ आला, हे त्याला कळले आहे. अशा वेळी दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी तो आपल्या शिष्याला एक काम सोपवतो. तीमथ्याने जे ऐकले ते स्वतःपाशी ठेवू नये, विश्वासू माणसांना द्यावे, आणि त्यांनी ते आणखी इतरांना शिकवावे. पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि ते 'इतर', अशा चार पिढ्या एका वचनात आल्या. आपण त्या 'इतरां'पैकीच आहोत.

आज या वचनाचा विचार गिटारच्या निमित्ताने करू या. मराठवाड्यातल्या छोट्या धर्मग्रामांत पेटी-ढोलकीच्या जोडीला गिटार आली की ती वाजवणारा बहुधा एकच मुलगा किंवा एकच मुलगी असते. बारावी झाली की शिक्षणासाठी पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. मग गिटार खुंटीला लागते. परभणीच्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. लाकूड वाळते, तारा गंजतात. नाताळ आला की आपण म्हणतो, "वाजवणारे कोणी राहिले नाही." खरे तर वाजवणारा होता. त्याच्या शेजारी बसून शिकणारा कोणी नव्हता.

गिटार शिकणे म्हणजे काय, हे क्लासिकल गिटारकडे पाहिले की नीट कळते. तिला पोलादी तारा नसतात. तीन तारा नायलॉनच्या, तर तीन धातूची बारीक तार गुंडाळलेल्या. वाजवायला पट्टी नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि तीन बोटे, प्रत्येकाला आपापले काम असते. डावा पाय छोट्या पाटावर ठेवून वाद्य स्थिर धरायचे. अवघड जागा आली की तेवढाच तुकडा वेगळा काढून अगदी सावकाश वाजवायचा. घाईने केलेली चूकही बोटांना पाठ होते, आणि पाठ झालेली चूक काढायला दुप्पट कष्ट पडतात. म्हणून शनिवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे मोलाची. आपल्या प्रार्थनेचेही तसेच आहे. संकटात रात्रभर जागणाऱ्यापेक्षा रोज संध्याकाळी न चुकता गुडघे टेकणाऱ्याचे मन सुरात राहते.

स्पेनमधील फ्रान्सिस्को तारेगा (1852–1909) यांना क्लासिकल गिटारचे एक थोर गुरू मानतात. लहानपणी ते पाटाच्या पाण्यात पडले आणि त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. मुलाची दृष्टी गेलीच तर संगीतावर तरी त्याचे पोट भरावे, म्हणून वडिलांनी त्यांना संगीत शिकवायचे ठरवले. त्यांचे पहिले शिक्षक स्वतः अंध होते. ज्यांना दिसत नव्हते त्यांनी एका मुलाला वाट दाखवली! पुढे 1906 मध्ये तारेगांची उजवी बाजू लुळी पडली. पण तोवर त्यांची विद्या मिगेल ल्योबेत आणि एमिलियो पुजोल अशा शिष्यांच्या हाती पोहोचली होती. गुरूंची पद्धत पुजोल यांनी पुढे ग्रंथरूपाने मांडली. हात थांबला, शिकवण थांबली नाही.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. पोर्तुगीज काळात तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना उपासनेसाठी स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) याच परंपरेतले. त्यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. अँथनी मुंबईला आले, चित्रपटसंगीतात नावाजले, आणि त्यांनी इतरांना शिकवले. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील गाण्यात गुरूला मानवंदना म्हणून त्यांचे नाव आले आणि ते देशभर पोहोचले. वाद्य व्हायोलिन असले तरी धडा तोच. चर्चमध्ये लावलेले रोप साऱ्या देशाला सावली देऊन गेले.

"आमच्या गावात क्लास नाही, फी परवडत नाही," असे पालक म्हणतात. ही अडचण खरी आहे. पण आपल्या जिल्ह्यातली भजनी मंडळे पाहा. संत जनाबाईंच्या गंगाखेडला, गोदाकाठच्या गावोगावी, पोर वडीलधाऱ्यांच्या मांडीला मांडी लावून बसते आणि टाळ धरायला शिकते. तिथे क्लास कुठे असतो? शेजारी बसू देणारा कोणीतरी असतो, एवढेच.

कधी मनात भीती असते, दुसऱ्याला शिकवले तर माझी जागा जाईल. मत्तयच्या शुभवर्तमानातील दाखला आठवा. तिसऱ्या चाकराने धन्याचे धन उधळले नव्हते, चोरलेही नव्हते. भीतीपोटी त्याने ते फक्त पुरून ठेवले. त्याला जाब द्यावा लागला तो त्याबद्दल. आपल्याबरोबर परगावी निघून गेलेली कला धर्मग्रामासाठी पुरून ठेवल्यासारखीच आहे.

म्हणून गिटार वाजवणाऱ्या तरुण-तरुणींनो, गाव सोडण्यापूर्वी एकाला तरी तीन कॉर्ड शिकवून जा. शिकणाऱ्याचे बोट दुखेल, सूर चुकेल. हसू नका, सावकाश पुन्हा सांगा. आईवडिलांनो, मुलीलाही गिटार हाती धरू द्या. आणि ज्यांना वाद्य येत नाही त्यांनी मागे राहू नये. कोणाला गीते पाठ आहेत, कोणाला जपमाळेचे रहस्यचिंतन सुंदर सांगता येते, कोणाला आजाऱ्याशी मायेने बोलता येते. तेही शेजारी बसूनच शिकले जाते. या आठवड्यात आपल्या शेजारी कोणाला बसवणार, ते ठरवू या.

हे प्रभो, आम्हांला जे मिळाले ते तुझे आहे. ते पुढे देण्याचे मोठे मन आणि धीर आम्हांला दे. आमेन.