नेमभंग आणि स्मरण

उतारवयात मनुष्याचा दिवस नेमाने बांधलेला असतो. पहाटेचे नामस्मरण, ठरल्या वेळी स्नान, औषध आणि भोजन, मंदिरात जाऊन विशेषांस वंदन, वर्षातून एखादे स्थानवंदन. तरुणास हा क्रम कंटाळवाणा वाटतो. वृद्धास तो काठीसारखा आधार असतो. हातपाय थकले व विसर पडू लागला म्हणजे रोजचा क्रमच पुढचे पाऊल दाखवितो. असा क्रम अकस्मात मोडला असता वृद्ध अस्वस्थ होतो, यात हट्टीपणा पाहणे हा अन्याय होय. प्रश्न वेगळा आहे. क्रम मोडल्यावर साधकाने काय धरावे आणि काय सोडावे?

खानदेशातील वासनिकांस हा प्रश्न अलीकडच्या काळात वारंवार पडला. मार्च २०२० मध्ये देशभरातील प्रवासी गाड्या थांबल्या, त्यांत धुळे-चाळीसगाव गाडीही थांबली. मंदिरांची दारे लागली. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगाव परिसरात अतिवृष्टी होऊन तितूर व डोंगरी या नद्यांस पूर आला आणि कन्नड घाटात दरड कोसळून वाट बंद झाली. त्याच ऑक्टोबरच्या अखेरीस एस.टी.चा संप सुरू झाला तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. भडगाव तालुक्यातील कनाशी किंवा जामनेर तालुक्यातील शेंदुर्णी येथे स्थानवंदनास जाणाऱ्या वृद्धास स्वतःचे वाहन कोठून असणार? एस.टी. हेच त्याचे पाय. ज्याची पिशवी आदल्या रात्री भरून तयार होती, त्याला सकाळी ती पुन्हा रिकामी करावी लागली. बाहेरून पाहता ही किरकोळ गोष्ट. परंतु ज्याच्या हाती थोडीच वर्षे उरली आहेत, त्याला पुढच्या वर्षाचे आश्वासन फारसे उपयोगी पडत नाही.

अशा वेळी दोन उद्गार सहज ऐकू येतात. एक, 'देवानेच माझे जाणे अडविले.' दुसरा, 'आता माझे सर्वच संपले.' दोन्ही तपासून पाहिले पाहिजेत.

पहिला उद्गार नम्रतेचा वाटतो, परंतु तो तत्त्वज्ञानास धरून नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ स्वामींनी परस्परांहून भिन्न सांगितले. कर्माची फळे भोगविणे हा देवतांचा व्यापार. परमेश्वर कृपाळू असून जीवास बंधनातून सोडविणारा आहे. दरड कोसळली, गाडी बंद पडली, गुडघा दुखावला, हे सर्व प्रपंचातील घडामोडींत मोडते. त्याचे कर्तृत्व परमेश्वराच्या माथी मारले, तर जो सोडविणारा त्यालाच अडविणारा ठरविल्यासारखे होते. मग ज्याच्याकडे धाव घ्यावयाची त्याच्याविषयीच मनात किंतु उत्पन्न होतो. वृद्धाची याहून मोठी हानी नाही.

दुसऱ्या उद्गारात नेम व नेमाचा हेतू यांची गल्लत आहे. भिक्षुकास स्वामींनी अटन सांगितले. आजचे भोजन कोणाच्या घरी, उद्याची वस्ती कोणत्या गावी, याची निश्चिती त्याने बाळगू नये. ठिकाणाचा व सोयीचा लोभ सुटावा, हा त्या आचारातील हेतू. वासनिकाने घर सोडलेले नाही. तथापि वार्धक्य त्याला बसल्या जागी त्याच अनिश्चितीत आणून सोडते. भिक्षुक जे स्वेच्छेने पत्करतो, ते वासनिकास अनिच्छेने सोसावे लागते. अनिच्छेने आलेल्या गोष्टीतूनही तोच धडा घेता येतो. मात्र तो घेणे सोपे आहे, असे कोणी समजू नये.

भटोबासांचे चरित्र येथे मार्गदर्शक आहे. स्वामींच्या सन्निधानाखेरीज ज्यांना दुसरे जीवन ठाऊक नव्हते, त्यांच्यापुढून स्वामी उत्तरापंथे निघून गेले. याहून मोठा पालट कोणता? भटोबास दुःखाने व्याकूळ झाले. पुढे ते भक्तपरिवारासह ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस लागले. तेथे तर ठरलेले असे काहीच नव्हते. श्रीप्रभू केव्हा कोणत्या घरी शिरतील, केव्हा भोजन करतील, याचा नेम नसे. तेथे सेवेचा आकार रोज बदलला, सेवा बदलली नाही. म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रतही पुढे परचक्राच्या धामधुमीत नाहीशी झाली. ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. पोथी गेली, स्मरण राहिले, म्हणून पोथी परत आली.

म्हणून क्रम मोडल्याबरोबर वृद्धाने स्वतःस एवढेच विचारावे: हे मी कशासाठी करीत होतो? कनाशीस जाणे स्मरणासाठी असेल, तर त्या दिवशी घरीच बसून तेथील लीळा आठवाव्यात, पोथी वाचता येत नसेल तर नातवंडाकडून वाचून घ्यावी. स्थानाचा स्पर्श यात मिळत नाही, हे खरे. ती उणीव नाकारू नये. तिची खंत वाटणे हीही भक्तीच होय. मात्र त्या खंतीत दिवसभराचे स्मरण बुडू देऊ नये.

येथे एक मर्यादा सांगणे अवश्य आहे. पूर, आजार किंवा संप यांनी घडविलेला पालट एक. घरच्यांनी न विचारता केलेला पालट दुसरा. वृद्धाची खोली हलविणे, त्याचे जाणे परस्पर रद्द करणे, जेवणाची वेळ आपल्या सोयीने बदलणे आणि वर 'आता तुम्ही अनासक्त व्हा' असा उपदेश करणे, हा धर्म नव्हे. अनासक्ती ही स्वतःकडून मागावयाची वस्तू आहे, दुसऱ्याकडून वसूल करावयाची नाही. ज्या पंथाने अहिंसा इतकी सूक्ष्म मानली, त्याच्या अनुयायांनी वृद्धाचे मन दुखविणे हीही हिंसाच समजावी. आदल्या दिवशी सांगितलेले दोन शब्दही पुष्कळ दुःख टाळतात. आणि अशा वेळी वृद्धाने 'मला विचारावयास हवे होते' असे शांतपणे म्हटले, तर त्यात त्याच्या वैराग्यास बाध येत नाही.

नेम हा देहाला आधार आहे, स्मरण हे जीवाचे हित आहे. आधार वारंवार बदलावे लागतात. पिशवी रिकामी झाली तरी जिभेवरचे नाम कोणत्याही संपाने वा दरडीने अडत नाही. तेवढे ज्याने धरले, त्याचा दिवस वाया गेला नाही.