शब्दांवाचून प्रार्थना

अमेरिकी गायक-वादक ब्लाइंड विली जॉन्सन यांना ब्लूज गिटारवादकांत गणावे का, हा जुना वाद. वादन अस्सल ब्लूजचे, गाणी मात्र फक्त धार्मिक. ब्लूजला सैतानाचे संगीत मानणाऱ्या चर्चवाल्यांना हा भेद मोलाचा वाटे. कानाला तो सापडत नाही. १९२७ च्या डिसेंबरात डॅलस येथे मुद्रित झालेल्या ‘डार्क वॉज द नाइट’मध्ये तर शब्दच नाहीत. शीर्षक ख्रिस्ताच्या यातनांवरील जुन्या स्तोत्राचे; ऐकू येतो तो नुसता हुंकार आणि त्याला उत्तर देत तारेवरून घसरणारी गिटार. प्रमुखाने ओळ सांगायची आणि मंडळींनी ती लांबवत उचलायची, ही त्यांच्या चर्चमधली प्रार्थनेची रीत. आपल्याकडे भजनात टाळकऱ्यांना ओळ उचलताना ऐकलेल्याला ती परकी वाटू नये.

शब्द नसताना ही प्रार्थना कशी? नादब्रह्म, हे उत्तर जरा स्वस्तच आहे. जॉन्सन यांच्या मूळ श्रोत्यांना स्तोत्र ठाऊक होते. गाळलेले शब्द ते मनात भरू शकत. अनोळखी श्रोत्याकडे ती पुंजी नसते. त्याच्यापर्यंत व्याकुळता पोहोचते, ती कोणाला उद्देशून आहे हे पोहोचत नाही. भक्ती मात्र या दुसऱ्या गोष्टीवाचून अपुरी.

१९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांसोबत परग्रहावरच्या संभाव्य श्रोत्यांसाठी गेलेल्या सुवर्ण तबकडीवर हे वादन आहे. त्याच तबकडीवर गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकर यांची भैरवी आहे. तिला शब्द आहेत, पण ते समजणारा श्रोता तिथे गृहीत धरलेलाच नाही.