तांब्याच्या तारेत वेग होता का?

भोसरी एमआयडीसीत माझं टर्निंग-मिलिंगचं वर्कशॉप आहे. 2005च्या जानेवारीत बीएसएनएलने ‘डाटावन’ ब्रॉडबँड सुरू केलं आणि पुढे आमच्या गल्लीतल्या शेडमध्येही मोडेम आले. त्याआधी ड्रॉइंग आणायला आकुर्डीला नाहीतर चाकणला माणूस पाठवावा लागे. फॅक्सवर टॉलरन्स पुसट यायचा, 0.03 की 0.08, हे विचारायला पुन्हा फोन. डायल-अप लावलं की फोन अडकायचा. ब्रॉडबँड आलं तशी ड्रॉइंगं मेलवर येऊ लागली, शेड्यूल कंपनीच्या पोर्टलवर दिसू लागलं.

धंद्याची सोय झाली, पण माझ्या मनात वेगळाच प्रश्न राहिला. लाइनमनने नवी तार ओढलीच नव्हती. फोनच्या जुन्याच जोडतारेला स्प्लिटर लावला आणि मोडेम जोडला. मग हा वेग आला कुठून? तो तारेत आधीपासून होता की नव्याने निर्माण झाला?

आपल्या दर्शनांनी हा वाद फार पूर्वीच मांडलाय. सांख्य म्हणतात, कार्य कारणात आधीच असतं, फक्त प्रकट होतं. ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत त्याची पाच कारणं दिली आहेत. त्यातलं एक म्हणजे सगळ्यातून सगळं निघत नाही. तेल तिळातून निघतं, वाळूतून नाही. न्याय-वैशेषिकांचा आक्षेप तितकाच धारदार आहे: घडा मातीत आधीच असेल तर कुंभार हवा कशाला?

तारेकडे पाहिलं तर सांख्यांचं पटतं. टेलिफोनवरचं बोलणं साधारण 300 ते 3400 हर्ट्झमध्ये मावतं. तीच तार एडीएसएल-2-प्लस या ब्रॉडबँडच्या पद्धतीत 2.2 मेगाहर्ट्झपर्यंतचे संकेत वाहते. हा पट्टा 512 कप्प्यांत विभागलेला असतो. जोडणी होताना दोन्हीकडची यंत्रं एकेका कप्प्यातला गोंगाट मोजतात. शांत कप्प्यावर जास्त भार टाकतात, गोंगाटाच्या कप्प्यावर कमी. ही ताकद तांब्याचीच. नायलॉनच्या दोरीला मोडेम लावून काही होणार नाही.

पण कुंभाराचा प्रश्न उरतोच. एक्स्चेंजमध्ये डीस्लॅम, म्हणजे मोडेमशी बोलणारं तिकडचं यंत्र, बसवलेलं नसेल, तर माझ्याकडचा मोडेम नुसता लुकलुकत राहील. एक्स्चेंज लांब असेल, तर वरच्या कंपनांचे संकेत वाटेतच क्षीण होतात. तार चांगली असूनही टोकाला वेग मिळत नाही. म्हणजे शक्ती आत असणं खरं, पण ती प्रकट व्हायला दुसऱ्या टोकालाही तयारी लागते.

हेच मी माणसात पाहिलं. पूर्वी ड्रॉइंगची एकच प्रत असे आणि ती सेटरच्या हातात. पुढे ड्रॉइंग शॉपमधल्या स्क्रीनवर दिसू लागलं. जॉबची बर काढणारा खेडकडचा एक पोरगा जेवणाच्या सुट्टीत ते मोठं करून बघत बसायचा. एक दिवस म्हणाला, “शेठ, ह्या बोअरचं माप कुठल्या फेसपासून धरायचं? डेटम दिलेलाच नाही.” खरंच नव्हता. कंपनीला मेल केला, सुधारलेलं ड्रॉइंग आलं. आज तो व्हीएमसी मिलिंग मशीनचं सेटिंग करतो. त्याची नजर स्क्रीनने घडवली नाही. ती त्याच्यात होती. स्क्रीनमुळे तिला वाट मिळाली.

म्हणून मी सांख्यांच्या बाजूचा आहे, आणि ही बाजू घेणाऱ्यावर जबाबदारी जास्त येते असं माझं मत आहे. समोरच्यात काही नाहीच असं मानलं की हात झटकता येतात. आहे असं मानलं, तर ते बाहेर का आलं नाही याचा जाब दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्याला द्यावा लागतो. वर्कशॉपमध्ये त्या टोकाला मालक असतो. हेल्पर म्हणून आलेल्या पोरापुढे पहिल्याच आठवड्यात ड्रॉइंग ठेवणं मला म्हणूनच उपकार वाटत नाही. तो माझा धर्म आहे.