लेकराचा चेहरा

माउलींची पालखी नातेपुत्याला मुक्कामी येते, तेव्हा बापाच्या खांद्यावर बसून किती लेकरं तो सोहळा पाहत असतात! असा एखादा चेहरा तैलरंगात उतरवायला शिकायचं, तर आधी मोठ्या माणसांचे चेहरे विसरावे लागतात. मुलाचं कपाळ मोठं, डोळे डोक्याच्या मध्यापेक्षा खाली, हनुवटी इवलीशी. नाकाजवळची एक रेघ ठळक झाली की मूल लगेच प्रौढ दिसू लागतं. गालाच्या सावलीत काळा रंग नको. ती सावलीही उबदार असते. सुरुवातीचे थर टर्पेंटाइनने पातळ करावेत, वरच्या थरांत जवसाचं तेल वाढवावं. उलट केलं तर पुढे रंगाला तडे जातात.

मूल स्थिर बसत नाही, आणि त्याला दटावून बसवूही नये. खेळू द्यावं, आपण बघत राहावं. राजा रविवर्मा यांनी १८९३ मध्ये आपली लेक आणि तिच्या कडेवरचा नातू रंगवला. त्या चित्रातली माया घरातलीच आहे.

रविवर्मांची काही मूळ तैलचित्रं सातारा जिल्ह्यात, औंधच्या डोंगरावरील संग्रहालयात आहेत. येत्या सुट्टीत मुलांना तिथे जरूर घेऊन जा.