ठरलेली मजुरी, न्याय्य मजुरी



श्रीमंत असणे पाप आहे का? ख्रिस्तसभेने तसे कधी शिकवलेले नाही. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे ह्यांनी ‘रेरूम नोव्हारूम’ हे पत्र प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी खाजगी मालमत्तेचा हक्क ठामपणे मांडला. पण त्याच पत्रात मालकांना बजावले, की गरजेपोटी, दुसरा इलाज नाही म्हणून मजूर कमी मजुरीला ‘हो’ म्हणतो, तेव्हा त्याच्या होकाराने ती न्याय्य ठरत नाही.

हे फक्त कारखानदारांसाठी आहे असे आपल्याला वाटते. पण घराच्या दुरुस्तीसाठी आपणही सकाळी नाक्यावर जातो. बिगारी आठशे सांगतो, आपण सहाशे म्हणतो. “नाहीतर दुसरे उभे आहेतच!” तो गुपचूप मागून येतो. “परवडले म्हणूनच आला ना?” असे आपण स्वतःला समजावतो. त्याला परवडले, की घरची चूल पेटायची होती?

प्रभू येशूच्या दाखल्यातला द्राक्षमळ्याचा मालकही असाच बाजारात मजूर शोधायला गेला होता. दिवस मावळता मावळता आलेल्यांनाही त्याने पूर्ण दिवसाची मजुरी दिली. त्यांनाही रात्री घरी जाऊन जेवायचेच होते.

आपण काही धनाढ्य नाही, हे खरे. आपलीच मुले आज कंत्राटी नोकऱ्या करतात. त्यांचा पगार लांबला की आपण मालकाला बोल लावतो. मग आजारपणात घरी राहिलेल्या कामवालीचे खाडे कापताना आपले मन का चरकत नाही? तिच्यापुरते तर मालक आपणच आहोत.

सणाला आपण सढळ हाताने दान करतो, ते चांगलेच आहे. पण ज्याचे देणे आहे त्याला न देता केलेले दान हे दुसऱ्याच्या पैशातले दान होय. अडकवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, असे संत याकोबाने आपल्या पत्रात म्हटले आहे.

बाजार भाव ठरवतो; न्याय आपल्याला ठरवावा लागतो. ह्या आठवड्यात आपल्याकडे कोणाची मजुरी राहिली आहे का, कोणाला अडचणीत पाहून कमी दिली आहे का, हे घरात बसून एकदा आठवू या. आठवली, तर पुढच्या रविवारच्या मिस्सापूर्वी ती पोहोचती करू या.