वेदनेचा निरोप

वेदना नसती तर मनुष्य अधिक सुखी झाला असता का? आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या कोणाच्याही मनात हा प्रश्न येतो. प्रेमळ परमेश्वराने देहात दुःखाची सोय मुळात ठेवलीच का, असेही मग विचारावेसे वाटते. उत्तराचा आरंभ देहाच्या रचनेतच शोधावा, असे आम्हांस वाटते.

मानवी मेंदूत सुमारे 8,600 कोटी मज्जापेशी आहेत. मेंदूपासून 12 आणि मज्जारज्जूपासून 31 मज्जातंतूंच्या जोड्या निघून देहभर पसरतात. विजेच्या सूक्ष्म स्पंदनांच्या रूपाने त्यांतून निरोपांची ये-जा चालते. तापलेल्या तव्याला बोट लागले, तर मेंदूच्या आज्ञेची वाट न पाहता मज्जारज्जूच हात मागे खेचतो. दुखले हे आपल्याला मागाहून कळते. ह्या कृतीत पुण्य नाही आणि पापही नाही, कारण आपली इच्छा तेथे पोहोचलेलीच नसते.

निरोप थांबला तर काय होते, हे कुष्ठरोग शिकवितो. त्याचा जंतू 1873 साली नॉर्वेत हॅन्सन ह्यांनी शोधला. तो मज्जातंतूंना इजा करतो आणि हातापायांची संवेदना हरपते. 1946 पासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड ह्यांनी दाखवून दिले, की रुग्णांची बोटे आपोआप झडत नाहीत. न जाणवलेल्या भाजण्या-कापण्याने ती झिजत जातात. न दुखणारा हात निरोगी नसतो. तो देहाला पारखा झालेला असतो.

त्याच 1873 साली बेल्जियमचे फादर डेमियन मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांमध्ये राहावयास गेले. 1884 च्या डिसेंबरात अतिशय गरम पाण्यात पाय बुडवूनही त्यांना चटका जाणवला नाही. त्यांच्या पायाचा निरोप थांबला होता. शेजाऱ्याच्या दुःखाचा मात्र पोहोचतच राहिला. देह तव्यापासून हात मागे घेतो. त्यांनी तो जाणूनबुजून मागे घेतला नाही. 15 एप्रिल 1889 रोजी ते त्याच रोगाने निवर्तले. 2009 साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले.

अर्थात, सारीच वेदना उपयोगाची नसते. कर्करोगाच्या अखेरच्या दिवसांतील यातना कोणाला सावध करीत नाहीत. त्या शमविणे हीच दया होय. दुःखाचे गूढ मज्जातंतूंनी उकलत नाही. तथापि एक गोष्ट ते निश्चित सांगतात : वेदना नसणे म्हणजे आरोग्य नव्हे.

संत पौलाने ख्रिस्तसभेला देहाची उपमा दिली आहे. आपल्या धर्मग्रामाला ती लावून पाहू या. 'आमच्याकडे कोणाची तक्रार नाही,' असे आपण अभिमानाने म्हणतो. व्यसनी बापाची मुले, टाकलेली सून, मोठ्या घरात एकटी उरलेली आजी ह्यांनी निरोप पाठविणेच सोडले नाही ना? की तो आपल्या दारापर्यंत येऊन विरतो? हे अवयव शांत आहेत की बधिर, हे दुरून समजत नाही. त्यासाठी त्यांच्या दारी जाऊन बसावे लागते.